आटोपशीर मेकॅनिकल कीबोर्ड

प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच बसवलेला आणि पूर्ण आकाराच्या कीबोर्डवरची काही बटणे वगळून लहान केलेला संगणकाचा कीबोर्ड. उजवीकडचा आकड्यांचा भाग, म्हणजे नमपॅड, सर्वांत आधी जातो. त्यानंतर फंक्शन बटणांची ओळ, होम-एंड-पेज अप ही मंडळी आणि अगदी लहान प्रकारांत बाणांची बटणेही काढली जातात. गेलेल्या बटणांचे काम मात्र थांबत नाही. एफएन हे बटण दाबून धरले की उरलेलीच बटणे ते करतात.

असा कीबोर्ड घेताना दोन निर्णय घ्यावे लागतात : कोणती बटणे सोडायची आणि उरलेल्या बटणांखाली कोणता स्विच हवा. चर्चा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाभोवतीच रंगते. कीबोर्ड टेबलावर टिकतो की पुन्हा खोक्यात जातो, हे मात्र बव्हंशी पहिल्यावर ठरते. स्विच जड की हलका, याची बोटांना लवकर सवय होते; बाण जिथे असायचे तिथे बोट पुढे कित्येक दिवस जात राहते.

आजच्या कीबोर्डची मांडणी ज्यावरून आली त्यांत आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम महत्त्वाचा. त्यात बटण दाबले की आतली स्प्रिंग एका क्षणी बाजूला वाकते आणि भोवतालच्या नळीवर आपटून खणखणीत आवाज करते. याच मॉडेल एमची नमपॅड नसलेली आवृत्ती १९८७ मध्ये निघाली होती, त्यामुळे लहान कीबोर्ड हे अलीकडचे खूळ आहे असे म्हणता येत नाही. पुढे रबरी घुमटांच्या स्वस्त कीबोर्डांनी बाजार व्यापला. त्यांत प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांवर छापलेले सर्किट असते आणि घुमट पुरता दबल्यावरच अक्षर उमटते. दरम्यान जर्मनीतल्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एमएक्स मालिकेचा स्विच आणला. त्याच्या पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यावर गॅटेरॉन, केल्ह यांसारख्या चिनी उत्पादकांना मैदान मोकळे झाले. चेरीची अधिक चिन्हाच्या आकाराची खुंटी मात्र सगळ्यांनीच कायम ठेवली. एका कंपनीचा कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर चपखल बसतो तो यामुळेच.

लहान मांडणीचा विचार सर्वांत कडकपणे राबवला तो जपानच्या पीएफयू कंपनीच्या हॅपी हॅकिंग कीबोर्डने. संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ मध्ये आलेल्या या कीबोर्डवर जेमतेम ६० बटणे होती. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल होते आणि बाणांसाठी वेगळी बटणे नव्हती. गंमत म्हणजे हा पहिला कीबोर्ड मेकॅनिकल नव्हता, पडद्याचाच होता. मांडणी मात्र मेकॅनिकलवाल्यांनी डोक्यावर घेतली.

आकार

कीबोर्डची मापे बटणाच्या रुंदीत मोजतात. एका साध्या अक्षरी बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच; हे एक ‘यू’. पूर्ण कीबोर्ड साधारण २२.५ यू रुंद असतो, नमपॅड नसलेला टीकेएल १८.२५ यू आणि ६० टक्क्यांचा १५ यू. पूर्ण कीबोर्डवरून ६० टक्क्यांवर आल्यास उजवीकडे सुमारे १४ सेंटिमीटर जागा सुटते. खरा फायदा टेबलाचा नाही, खांद्याचा आहे : माउस तेवढा आत येतो आणि उजवा हात सतत बाहेर ताणून ठेवावा लागत नाही.

टक्क्यांची ही नावे अंकगणित म्हणून घेऊ नयेत. १०४ बटणांच्या तुलनेत ६१ बटणांचा कीबोर्ड ६० टक्क्यांच्या जवळ जातो खरा, पण ‘७५ टक्के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर ८४ च्या आसपास बटणे असतात. त्यात फंक्शनची ओळ आणि बाण दोन्ही राहतात, फक्त मधल्या मोकळ्या पट्ट्या गाळून सगळे दाटीवाटीने बसवलेले असते. ६५ टक्क्यांत फंक्शनची ओळ जाते, बाण राहतात. ६० टक्क्यांत बाणही जातात. ४० टक्क्यांत आकड्यांची ओळसुद्धा नसते. तो छंदिष्टांचा प्रांत आहे.

बाण नसणे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून कळेल. मजकुरातला मागचा शब्द निवडायचा असेल तर पूर्ण कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि डावा बाण अशी तीन बटणे दाबतात. ६० टक्क्यांवर त्यात एफएनची भर पडून चार होतात आणि एफएन उजव्या कोपऱ्यात असेल तर बोटांची कसरत होते. दिवसभर लेखन-संपादन करणाऱ्याने हे सोसण्यापेक्षा ६५ टक्के घ्यावा. स्प्रेडशीटमध्ये सतत आकडे भरणाऱ्याने नमपॅड सोडूच नये, किंवा वेगळा नमपॅड घेऊन तो डावीकडे ठेवावा. उलट ज्यांच्या एडिटरमध्ये एच-जे-के-एल या अक्षरांवरूनच कर्सर फिरतो, त्यांना बाण गेल्याचे जाणवतही नाही. डीबगिंगसाठी एफ५, एफ१० दाबणाऱ्यांनी ७५ टक्क्यांच्या खाली उतरण्याआधी विचार करावा. आहे त्याच कीबोर्डवर चार-आठ दिवस आपला हात कुठे कुठे जातो याकडे लक्ष दिले, तर यातले बरेचसे खरेदीआधीच कळते.

कसरत कमी करण्याचा उपाय कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्राममध्ये आहे. एफएन दाबल्याचे संगणकाला कळतच नाही. कीबोर्डमधली चिप बटणांचा दुसरा थर, म्हणजे लेयर, चालू करते आणि संगणकाला थेट ‘डावा बाण’ असाच संदेश पाठवते. म्हणून ही सोय संगणक सुरू होतानाच्या बायोस पडद्यावरही चालते. क्यूएमके हे मुक्त स्रोत फर्मवेअर चालवणाऱ्या कीबोर्डवर कोणत्याही बटणाला कोणतेही काम देता येते. व्हीआयए या साधनाने तर फर्मवेअर पुन्हा न भरता पडद्यावर बघत बटणे बदलता येतात. यातली सर्वांत कामाची युक्ती म्हणजे एकाच बटणाला दोन कामे देणे : कॅप्स लॉक झटकन टेकवला तर एस्केप, धरून ठेवला तर एफएन. टेकवणे आणि धरणे यांतली सीमा क्यूएमकेमध्ये मुळात २०० मिलिसेकंदांची असते. संथ टायपिंग करणाऱ्याला ती कमी वाटते आणि नको तेव्हा लेयर बदलतो. मग आकडा थोडा वाढवावा लागतो. एफएन डाव्या हाताच्या करंगळीखाली आणि बाण उजव्या हाताच्या मधल्या ओळीवर आणले, तर काही आठवड्यांनी ते मूळ जागेपेक्षा सोयीचे वाटू लागतात, कारण हात अक्षरांवरून उचलावा लागत नाही. घेतल्यानंतर पहिल्याच दिवशी सगळी मांडणी उलटीपालटी करणे मात्र टाळावे.

स्विच

एमएक्स पद्धतीच्या स्विचचे पाच भाग : वरचे आणि खालचे कवच, मधली सरकणारी खुंटी, तिच्याखालची स्प्रिंग आणि कडेला तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्यांचा संपर्क. बटण वर असताना खुंटीचे दोन पाय लवचीक पट्टीला दाबून दूर ठेवतात. खुंटी खाली जाते तसे पाय सरकतात, पट्टी मोकळी होऊन दुसरीला टेकते आणि विद्युतमार्ग पूर्ण होतो. नेहमीच्या एमएक्स स्विचमध्ये खुंटीचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर असतो आणि अक्षर २ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या वाटेवरच उमटते. पट्ट्या टेकताना सूक्ष्म उसळ्या मारतात. एकाच दाबाची अनेक अक्षरे होऊ नयेत म्हणून फर्मवेअर काही मिलिसेकंद थांबून खात्री करते. जुना झालेला किंवा धूळ बसलेला स्विच एका दाबाला दोन अक्षरे देऊ लागतो, तो याच जागी बिघाड झाल्यामुळे.

पायांचा आकार बदलला की स्पर्श बदलतो. पाय सरळ उताराचे असतील तर स्विच लिनियर : वरपासून खालपर्यंत दाब फक्त स्प्रिंगमुळे हळूहळू वाढतो. पायांवर उंचवटा असेल तर टॅक्टाइल : वाटेत एक अडथळा लागतो आणि अक्षर उमटल्याचे बोटाला कळते. तिसरा प्रकार क्लिकी. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये खुंटी दोन तुकड्यांची असते. रंगीत खुंटीभोवती पांढरी सैल कडी असते. उंचवटा ओलांडताच ती निसटून खाली आपटते आणि ‘टिक्’ असा टोकदार आवाज होतो. या रचनेचा एक तोटा आहे. बटण जिथे लागते त्याच्या बरेच वर आल्यावर ते सुटते, म्हणून तेच बटण भराभर दोनदा दाबताना निळा स्विच अडखळल्यासारखा वाटतो. केल्हच्या ‘बॉक्स’ मालिकेतल्या क्लिकी स्विचांत आवाजासाठी वेगळी बारीक तार वापरली आहे. तिथे हा दोष फारसा जाणवत नाही.

चेरीच्या रंगांपैकी लाल म्हणजे ४५ सेंटिन्यूटन दाबाचा लिनियर, काळा म्हणजे ६० चा लिनियर, तपकिरी म्हणजे सौम्य उंचवट्याचा टॅक्टाइल. इतरांनी हे रंग साधारण पाळले, पण सक्ती कुणावरच नाही. आज जांभळा, दुधी, पिस्ता अशा रंगांचे स्विच निघतात आणि रंगावरून आत काय आहे ते सांगता येत नाही. जाहिरातीतल्या आकड्याचेही तसेच आहे. तो बहुधा अक्षर उमटण्याच्या बिंदूवरचा दाब असतो. बहुतेक माणसे बटण तळापर्यंत नेतात आणि तिथे लागणारा दाब त्याहून बराच जास्त असतो, तेव्हा दोन स्विचांची तुलना करताना तळाचा दाबही पाहावा.

नवख्याला बहुतेक वेळा तपकिरी सुचवला जातो, कारण तो मधला मार्ग वाटतो. त्याचा उंचवटा इतका बारीक आहे की अनेकांना तो खरबरीत लिनियरसारखाच लागतो. स्पर्श खरोखर हवा असेल तर ठसठशीत उंचवट्याचा टॅक्टाइल घ्यावा; नको असेल तर सरळ लिनियर. हलक्या लिनियरवर बोटे टेकवून विश्रांती घेणाऱ्यांची नकळत अक्षरे पडतात, त्यांनी थोडी जड स्प्रिंग निवडावी. क्लिकी स्विच एकट्याच्या खोलीत छान. शेजारी कुणी बसत असेल तर तो विषय तिथेच संपवावा. आवाज आणखी कमी हवा असेल तर खुंटीला रबरी गाद्या लावलेले सायलेंट स्विच मिळतात, त्यांचा तळ किंचित मऊ लागतो.

एकेक नमुना बसवलेल्या टेस्टरवर बोट दाबून पाहण्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण तिथे आपण टाइप करत नसतो. हॉट-स्वॅप सॉकेट असलेला कीबोर्ड हा अधिक चांगला मार्ग : सोल्डरिंगशिवाय स्विच उपटून दुसरा बसवता येतो, करंगळीच्या बटणांना हलका आणि स्पेसबारला जड असेही करता येते. स्विच बसवताना त्याच्या धातूच्या दोन पिना सरळ आहेत ना, ते उजेडात धरून पाहावे. वाकडी पिन सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडते आणि बटण मेलेले वाटते. चिमट्याने सरळ केली की काम भागते. पाच पायांच्या स्विचचे दोन जादा पाय नुसते प्लॅस्टिकचे असतात. बोर्डावर त्यांच्यासाठी भोके नसतील तर ते कापून टाकले तरी चालतात.

स्विच उत्तम असूनही कीबोर्ड खडखडत असेल तर दोष बहुधा स्टॅबिलायझरचा असतो. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांखाली ती तारेची जोडणी असते. तारेच्या टोकांना घट्टसर ग्रीस लावले की खडखड बरीच थांबते. स्विचला वंगण लावायचे तर सरकणाऱ्या कडांवर पातळ थर पुरतो. टॅक्टाइलच्या पायांवर ते गेले तर विकत घेतलेला उंचवटाच बुजतो. क्लिकीच्या वाट्याला तर जाऊच नये.

सगळे आटोपशीर कीबोर्ड एमएक्स पद्धतीचे नसतात. टोप्रे स्विचमध्ये रबरी घुमटाखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते आणि धारितेतल्या बदलावरून दाब ओळखला जातो. हॉल इफेक्ट स्विचमध्ये खुंटीत चुंबक आणि बोर्डावर संवेदक असतो. संपर्कासाठी पट्ट्याच नसल्याने अक्षर कोणत्या खोलीवर उमटावे हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येते, म्हणून खेळाडूंमध्ये तो लोकप्रिय आहे. लेखनासाठी त्याचा विशेष लाभ नाही. कमी उंचीचे स्विचही मिळतात आणि मनगट वर उचलायला नको असणाऱ्यांना ते मानवतात. हे प्रकार एकमेकांच्या सॉकेटमध्ये सहसा बसत नाहीत, तेव्हा स्विच बदलत राहण्याच्या इराद्याने घेणाऱ्याने बोर्ड कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे.

कीकॅप एबीएस किंवा पीबीटी प्लॅस्टिकचे असतात. एबीएस वापराने गुळगुळीत होऊन चमकू लागते, पीबीटीचा खरखरीतपणा जास्त टिकतो. नवा संच मागवताना अडचण येते ती आकारांची. ६५ टक्क्यांच्या कीबोर्डवर बाणांना जागा देण्यासाठी उजवी शिफ्ट २.७५ यूऐवजी १.७५ यू केलेली असते, आणि स्पेसबारच्या उजवीकडची बटणे १.२५ ऐवजी अनेकदा १ यूची. साध्या १०४ बटणांच्या संचात हे तुकडे नसतात, त्यामुळे बाकी सगळा कीबोर्ड नव्या रंगात आणि उजवी शिफ्ट तेवढी जुनी, असे दृश्य बरेचदा दिसते.