नाताळचं झाड: कुंडीतलं की खोक्यातलं?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या वसईतल्या नर्सरीत रोज हाच प्रश्न येतो: "खरं झाड घेऊ की प्लॅस्टिकचं?" आम्ही दोन्ही विकतो, त्यामुळे अमुकच खपवायचं अशी आम्हाला घाई नाही. पण गर्दीत प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, आणि जानेवारीत कोणी वाळलेली कुंडी हातात घेऊन दारात उभं राहिलं की फार वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा आणि मग खरेदीला या.

आमचं सांगणं एवढंच की डिसेंबरात झाड कसं दिसेल हे नंतर बघा, फेब्रुवारीत ते कुठे असेल हे आधी ठरवा. उजेडाची गॅलरी, अंगण किंवा वाडी असेल तर कुंडीतलं झाड घ्या. घरात उजेडाची जागा नसेल, पण माळ्यावर एक खोकं कोरडं राहू शकत असेल, तर कृत्रिम झाड घ्या आणि तेच दहा-पंधरा वर्षं वापरा. दोन्ही नसेल तर आमच्याकडून भाड्याने न्या. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

"खरं" झाड म्हणजे कोणतं?

ज्यांची मुलं लंडनला किंवा टोरोंटोला आहेत, ते मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, "असं मिळेल का?" फोटोतलं झाड बहुतेक वेळा फर किंवा स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सुईसारख्या पानांच्या जातींचं असतं. युरोपात सगळ्यांत लोकप्रिय असलेला नॉर्डमन फर मूळचा कॉकेशसचा. त्याचं बरंचसं बी जॉर्जियातल्या अम्ब्रोलाउरी भागातल्या उंच झाडांवरून उतरवतात आणि डेन्मार्कसारख्या देशांत त्याची शेती होते. माणसाच्या उंचीचं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. मग ते बुंध्याशी कापून विकतात. घरात ते पाण्याच्या स्टँडमध्ये उभं राहतं आणि सण संपला की बऱ्याच शहरांत त्याचा भुगा करून बागांत पसरतात. ती थंड हवेतली शेती आहे. आपल्या दमट हवेत ती झाडं वाढत नाहीत, आणि कापलेलं झाड इतक्या लांबून आणणं आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे पूर्वी सुरूची फांदी असायची. पापडीच्या, निर्मळच्या वयस्कर ग्राहकांना ते चांगलं आठवतं: डब्यात ओली वाळू, त्यात खोचलेली फांदी आणि बर्फ म्हणून कापूस. सुरूची हिरवी 'पानं' खरं तर बारीक सांधेदार काड्या असतात. खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे खवले. तोडलेली फांदी काही दिवसांत तपकिरी पडते आणि घरभर काड्या सांडतात. पण सुरूची फांदी तोडू नका हा आमचा आग्रह त्यासाठी नाही. भुईगाव, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या रांगा समुद्राचा वारा आणि उडणारी वाळू अडवतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात वाऱ्याचा जोर काय असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रांगांतली एकही फांदी सणासाठी तोडू नका, आणि कोणी तोडून विकत असेल तर घेऊ नका.

आता नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते अरोकेरिया. एक सरळ खोड आणि त्यावर छत्रीसारखे फांद्यांचे थर. याच्या दोन जाती बाजारात एकाच नावाने चालतात. एक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियातली. लहानपणी दोघी इतक्या सारख्या दिसतात की आम्हीही छातीठोकपणे सांगत नाही. 'नॉरफोक आयलंड पाइन' असं म्हणतात, पण नावात पाइन असलं तरी हे पाइन नव्हे, त्याचं कुळ वेगळं. बेटावरचं झाड असल्यामुळे खारा वारा त्याला चांगला मानवतो, म्हणून वसईत ते पुण्या-नाशिकइतकंच सुखात राहतं.

काही जण मोरपंखी नेतात. ते स्वस्त आणि दाट असतं, पण त्याला कडक ऊन लागतं. घरात आठवड्याच्या वर ठेवलं की ते आतून वाळू लागतं. बाहेर व्हरांड्यात सजवणार असाल तरच मोरपंखी घ्या.

कुंडीतलं झाड निवडताना

पहिल्यांदा शेंडा बघा. अरोकेरियाचा सगळा आकार त्या एका शेंड्यावर उभा आहे. तो मोडला तर बाजूने दोन-तीन शेंडे फुटतात आणि झाड पुन्हा तसं सरळ त्रिकोणी होत नाही. मग सगळ्यांत खालचा थर बघा. तिथल्या फांद्या गळलेल्या असतील तर त्या जागी पुन्हा फांदी येत नाही, खोड कायमचं उघडं राहतं. नंतर मातीजवळ बोट घालून किती खोडं आहेत ते मोजा. दाट दिसावं म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपं लावलेली असतात. त्यात फसवणूक नाही, पण दोन वर्षांनी ती एकमेकांना दाबतात. झाड वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर एकखोडी घ्या, थोडं विरळ दिसलं तरी.

आणि माती. आमची बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. तिथून येताना मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात तो मुळं सांभाळतो, पण कुंडीत तसाच राहिला की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात, नाहीतर पाणी आत साचून कुजतात. सुरुवातीच्या काळात आम्ही डिसेंबरात ट्रकमधून उतरलेली रोपं तशीच विकली. त्यांतली कितीतरी महिनाभरात गेली आणि त्याचा दोष आम्ही ग्राहकांच्या पाणी घालण्याला दिला. चूक आमची होती. आता पाऊस ओसरता ओसरता रोपं आणतो, गोळा हलक्या हाताने सैल करतो, लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतात भरतो आणि दोन-अडीच महिने शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या हिरव्या जाळीखाली, ठेवूनच विकतो. दुसरीकडून घेणार असाल तर "रोप कधी आलं?" एवढं अवश्य विचारा.

नेताना स्कूटरवर पायांत धरून नेऊ नका. सगळ्यांत जास्त शेंडे तिथेच मोडतात, वळणावर किंवा फाटकातून आत शिरताना. रिक्षात कुंडी खाली ठेवा आणि झाड साडीसारख्या मऊ कापडात खालून वर गुंडाळा, म्हणजे फांद्या आपल्या वळणाने मिटतात. कापड घरून आणा, गुंडाळून आम्ही देऊ.

घरात आणल्यावर

शेडनेटमधून थेट बैठकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, असा बदल झाडाला सोसत नाही. आधी तीन-चार दिवस गॅलरीत सावलीला ठेवा, मग आत घ्या. आतली जागा खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत असावी. टीव्हीमागे नको, एसीच्या झोताखाली तर नकोच. घाई नसेल तर २० डिसेंबरच्या सुमारास आत घ्या आणि ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाला की बाहेर काढा. एवढे दिवस ते आरामात काढतं.

पाणी रोज घालू नका. बोट पेराएवढं मातीत घाला, कोरडं लागलं तरच कुंडीच्या खालून निथळेपर्यंत घाला, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. सणाच्या घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमाने तांब्याभर पाणी ओततो, आणि वाळून मेलेल्या झाडांपेक्षा कुजून मेलेली झाडंच आमच्याकडे जास्त परत येतात. घरातल्या एकाच माणसावर हे काम सोपवा.

फांद्या नाजूक असतात. काचेचे जड गोळे लावले तर वाकतात आणि वाकलेल्या तशाच राहतात. कागदाच्या चांदण्या, लोकरीचे गोंडे, हलके गोळे लावा. बर्फाचा स्प्रे किंवा चमकी मारू नका, ती पानांवर बसून राहते आणि निघत नाही. दिव्यांची माळ एलईडीचीच हवी, सांधे उघडे नसलेली. पाणी घालताना बटण बंद ठेवा. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा झाडाच्या बुडाशी मांडत असाल तर गवत मातीवर दाबून बसवू नका, खालची माती ओली राहून बुरशी धरते.

सण झाल्यावर झाड एकदम उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आठवडाभर सावली, मग सकाळचं कोवळं ऊन. दोन-तीन वर्षांनी, पावसाळा सुरू होताना, एक माप मोठ्या कुंडीत हलवा.

"मग जमिनीतच लावू का?" असंही विचारतात. वाडीत मोकळी जागा असेल तर खुशाल लावा, पण हे झाड आपल्या मायदेशी ५० मीटरच्या वर जातं. घरापासून, विहिरीपासून, विजेच्या तारांपासून लांब लावा. न्यू कॅलेडोनियाची जात उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे कलत वाढते, त्यामुळे दक्षिणेला घर असेल तर जास्तच अंतर सोडा. इमारतीच्या कंपाउंडमध्ये भिंतीला खेटून लावणार असाल तर आमचा स्पष्ट नकार आहे.

खोक्यातलं झाड

प्लॅस्टिकचं झाड घेणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी झाड मारण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त ते टिकवायला हवं. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशोबाने दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर तेवढंच कापलेलं खरं झाड नंतर जाळलं किंवा भुगा केला तर साडेतीन किलोच्या आसपास, आणि कचऱ्याच्या डेपोत कुजलं तर १६ किलो. म्हणजे कृत्रिम झाड दहा-बारा नाताळ वापरलं तरच हिशोब जुळतो. हे आकडे तिकडच्या कापलेल्या झाडांचे आहेत. आपलं कुंडीतलं झाड हजारएक किलोमीटर ट्रकने आलेलं असतं, ते एका महिन्यात मारलं तर तेही काही फार हिरवं ठरत नाही.

दोन प्रकार मिळतात. पातळ पट्ट्या कातरून केलेली पीव्हीसीची पानं चपटी असतात आणि झडतात. साच्यात ओतलेली पीईची (पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची) पानं जाड, खऱ्यासारखी असतात आणि महाग पडतात. बऱ्याच झाडांत बाहेर पीई आणि आत पीव्हीसी असतं, दहा वर्षांसाठी घ्यायला ते चांगलं. पानांवरून हात उलटा फिरवून बघा. मूठभर झडली तर ठेवून द्या. पाय लोखंडी असावेत, प्लॅस्टिकच्या पायांचं झाड पंख्याच्या वाऱ्यानेही डोलतं.

वसईत कृत्रिम झाडाला पावसाळा संपवतो. खाऱ्या दमट हवेने फांद्यांतल्या तारा गंजतात आणि तो गंज खालच्या फरशीवर उतरतो. जानेवारीत झाड कोरड्या फडक्याने पुसा, दोन तास वाऱ्यावर ठेवा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून मगच खोक्यात घाला. पुठ्ठ्याचं खोकं उंदीर कुरतडतात, झाकणाचा डबा मिळाला तर उत्तम. वर्षभराने काढताना आधी गॅलरीत झटका. घरात दम्याचं माणूस असेल तर ओल्या फडक्याने पुसूनच आत आणा. जुनी, भुकटी सुटू लागलेली पीव्हीसीची झाडं मुलांच्या हाताशी ठेवू नका, पूर्वीच्या काही पीव्हीसीत शिसं वापरलेलं असायचं. आणि काही झालं तरी ती अंगणात जाळू नका, तो धूर विषारी असतो.

भाड्याने झाड

तीन ते पाच फुटांची एकखोडी अरोकेरिया आम्ही १० डिसेंबरपासून भाड्याने देतो. अनामत रक्कम घेतो आणि झाड परत आलं की लगेच देतो. कुंडीला तुमच्या नावाची चिठ्ठी राहते. पुढच्या वर्षी तेच झाड हवं असेल तर नोव्हेंबरात येऊन सांगा, तोवर ते आमच्या शेडनेटखाली वाढत असेल. परत आणण्याची मुदत १० जानेवारी. शेंडा मोडला, फांद्या पिवळ्या पडल्या, मुलांनी रंग लावला, तरी संकोच न करता आणा. आजारी झाड जितकं लवकर आमच्या हातात येईल तितकं ते वाचायची शक्यता जास्त.