न्यूरेंबर्गचा दुभाषी आणि टोकियोचा दुभाषी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नेत्यांवर न्यूरेंबर्गला आणि जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांची छायाचित्रे पाहताना न्यूरेंबर्गचे दुभाषी कोणते आणि टोकियोचे कोणते, हे ओळखणे अवघड जाते. दोन्हीकडे काचेआडची माणसे, पुढ्यात मायक्रोफोन आणि कानांवर आयबीएमचे हेडफोन दिसतात. काम मात्र एक नव्हते.

न्यूरेंबर्गला (नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६) इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चार भाषांत कामकाज चालले. प्रत्येक वाक्य थांबून तीन भाषांत सांगायचे म्हटले असते, तर खटला कितीतरी लांबला असता. म्हणून वक्ता बोलत असतानाच भाषांतर करण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यासाठी १२ जणांच्या ३ तुकड्या होत्या. वक्त्याने घाई केली की पिवळा दिवा लागे, थांबणेच भाग असले तर लाल. जर्मन भाषेत क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला त्याची वाट पाहत बसावे लागे; मराठी वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. त्याहून नाजूक होता ‘या’ (ja) हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ ‘हो’, पण उत्तर जुळवताना उच्चारलेला नुसता ‘हं’सुद्धा. आरोपीच्या तोंडचा असा ‘हं’ इंग्रजीत ‘येस’ झाला, तर तो कबुलीसारखा नोंदला जाण्याचा धोका होता.

टोकियोत (मे १९४६ ते नोव्हेंबर १९४८) मुख्य भाषा दोनच होत्या, इंग्रजी आणि जपानी, पण त्यांची वाक्यरचना इतकी भिन्न की साक्षींचे भाषांतर बहुधा वाक्य संपल्यावरच होई. मजकूर आधी भाषांतरित असेल तेव्हाच तो वक्त्याबरोबर वाचला जाई. खरा फरक मात्र वेगापेक्षा विश्वासाचा होता. टोकियोत दुभाष्याचे काम जपानी नागरिकांकडे, म्हणजे पराभूत देशाच्याच माणसांकडे होते, म्हणून त्यांच्यावर जपानी वंशाचे अमेरिकन निरीक्षक नेमले गेले आणि वादग्रस्त शब्दांच्या निवाड्यासाठी आणखी वर एक भाषा-लवाद बसवला गेला. न्यूरेंबर्गला नोंदी नंतर ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्या जात. टोकियोत चूक भर न्यायालयात, सर्वांसमक्ष दुरुस्त होई. माझ्या मते टोकियोच्या दुभाष्याचे काम अधिक जाचक होते, आणि निरीक्षकांची स्थितीही काही सुखाची नव्हती: त्यांच्यापैकी काहींना युद्धकाळात त्यांच्याच देशाने, अमेरिकेने, छावण्यांत डांबले होते.