स्लॅलम : मोर्गेदालच्या उतारावरचा जोडशब्द

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये लाल-निळ्या खांबांना वळसे घालत सुसाट उतरणारे स्कीपटू म्हणजे स्लॅलम, ही आपली ओळख. मूळ शब्दाचा मात्र खांबांशी किंवा घड्याळाशी काही संबंध नाही.

हा नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल या गावाकडचा सामासिक शब्द. 'स्ला' म्हणजे सौम्य उताराचा आणि 'लोम' म्हणजे एखादी वस्तू ओढत नेल्यावर मागे उमटणारा माग. तिथेही समासात शेवटचं पद प्रधान असतं, म्हणून 'लोम' कायम ठेवून पुढचं पद बदललं की वेगळी वाट व्हायची. उड्यांची ती 'हॉप्पेलोम', उंचवट्यांची ती 'क्नैकेलोम'. त्यांत 'स्लालोम' सोपी, नवशिक्यांना झेपणारी.

या वाटा घडवण्यात साधनांचा वाटा मोठा आहे. पूर्वी स्कीवर, म्हणजे पायाखालच्या लांब फळीवर, फक्त पायाची बोटं पट्ट्यात अडकवत. त्यामुळे वळताना टाच बाहेर सरकायची आणि उडी मारली की स्की निसटायची. मोर्गेदालच्या सोन्द्रे नोरहाइम (1825–1897) यांनी पिळलेल्या लवचिक फांद्यांचा बंध टाचेमागून घेतला, स्की मध्यभागी अरुंद ठेवली. अशी स्की कडेवर कलली की बर्फावर कमानीसारखी वाकते आणि आपसूक वळते. सरळ कडांची स्की घसटत, जोर लावूनच वळवावी लागते. 1868 मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, नोरहाइम यांनी हे कसब राजधानीला दाखवलं.

शर्यतीचा आजचा साचा मात्र आल्प्समधला. मद्रासमध्ये जन्मलेले ब्रिटिश अर्नल्ड लन यांनी 1922 मध्ये स्वित्झर्लंडच्या म्यूरेन इथे जोड-खांबांची दारं रोवली आणि शैलीला गुण देण्याऐवजी वेळ मोजली. शब्दाचं श्रेय तेलेमार्कला आणि नियमांचं लन यांना, अशी विभागणीच न्याय्य ठरेल. 1936 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शनला उतार-शर्यत आणि स्लॅलम यांची एकत्रित स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये आली. नॉर्वेचे बिर्गर रूड उतारात पहिले आले, पण स्लॅलममध्ये एक दार चुकल्याने दंडाचे सेकंद वाढले आणि ते चौथे ठरले. स्लॅलमला स्वतंत्र पदक 1948 पासून.

आज पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत आरंभ आणि शेवट यांच्या उंचीत 180 ते 220 मीटरचा फरक असतो. त्याला 'सौम्य' म्हणवत नाही. खुद्द नॉर्वेतही मूळ अर्थ पुसट झालाय. स्कीच्या तयार उताराला तिथे 'स्लालोमबाक्के' म्हणतात. 'बाक्के' म्हणजे पुन्हा उतारच.