नवागतांचे इंग्रजी शिक्षण, ऑस्ट्रेलिया

नवागतांचे इंग्रजी शिक्षण, ऑस्ट्रेलिया : कायम वास्तव्यासाठी आलेल्या प्रौढ स्थलांतरितांना आणि निर्वासितांना इंग्रजी व त्याबरोबर तिथला रोजचा व्यवहार शिकवणारी केंद्र सरकारची विनामूल्य योजना. ‘अ‍ॅडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्राम’ हे तिचे आजचे नाव असून तिची सुरुवात १९४८ सालची मानतात. या वर्गांत निबंधाची पाळी फार उशिरा येते. दवाखान्यात फोन करून वेळ घेणे, घरभाड्याचा करार वाचणे, मुलाच्या शाळेतून आलेल्या चिठ्ठीवर सही करण्याआधी ती समजून घेणे, हे आधी.

ऑस्ट्रेलियात भाषेचा उपयोग पूर्वी नेमका उलटा होत असे. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानुसार अधिकारी येणाऱ्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा लिहायला सांगू शकत असे. भाषा अधिकाऱ्याने निवडायची, त्यामुळे ज्याला नापास करायचे तो नापास होईच. आशियाई लोकांना दाराबाहेर ठेवण्यासाठी ही युक्ती होती. १९३४ मध्ये बहुभाषी पत्रकार एगॉन किश याला स्कॉटिश गेलिकमधला उतारा घातला गेला. पुढे उच्च न्यायालयाने, या कायद्यापुरती ती युरोपीय भाषाच नव्हे, असे ठरवून किशची बाजू उचलून धरली. ही चाचणी १९५८ च्या कायद्याने गेली. म्हणजे एकीकडे सरकारी खर्चाने इंग्रजी शिकवणे आणि दुसरीकडे भाषेच्याच नावाने माणूस परत पाठवण्याची तरतूद, असे दहा वर्षे एकाच वेळी चालू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थलांतर खात्याचे पहिले मंत्री आर्थर कॅलवेल यांनी युरोपातल्या विस्थापितांना आणण्याचे धोरण राबवले. व्हिक्टोरिया राज्यातील बोनेगिला येथील जुन्या लष्करी तळावर १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून अधिक लोक उतरले. वर्गात पोलिश, युक्रेनियन, लॅटव्हियन असे सगळेच. शिक्षकाला त्यांतली एकही भाषा येईलच असे नाही. त्यामुळे वस्तू दाखवायची, कृती करायची आणि वाक्य म्हणून घ्यायचे, ही पद्धत रुळली. प्रसंगाधारित इंग्रजीचे तेथील पाठ्यक्रम यातूनच घडत गेले. येणाऱ्या बोटींवर धडे होत. कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग, रेडिओवरचे आणि टपालाने येणारे पाठही होते. या लोकांना ‘न्यू ऑस्ट्रेलियन’ म्हणत, आणि त्यांनी लवकरात लवकर जुन्यांसारखे दिसावे-बोलावे, अशी अपेक्षा असे. छावणीच्या खाणावळीत मात्र शिकणे एकतर्फीच राहिले : रोजच्या मेंढीच्या मांसाबद्दलची तक्रार बोनेगिलाच्या बहुतेक आठवणींत सापडते.

१९७१ मध्ये या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. १९७८ च्या गॅलबली अहवालाने, स्थलांतरितांनी आपली संस्कृती टाकून न देता सेवांचा लाभ घ्यावा, ही भूमिका मांडली आणि वर्गातला सूर बदलू लागला. ‘आमच्यासारखे व्हा’ऐवजी ‘इथे असे चालते, तुमच्याकडे कसे?’ हा प्रश्न आला. पुढे बरीच वर्षे पात्र व्यक्तीला ५१० तासांचे शिक्षण मिळे. २०२१ मध्ये ही मर्यादा उठली. लहान मुले असलेल्यांसाठी वर्गाच्या वेळेत पाळणाघराची सोय असते. माझ्या मते या योजनेतली सर्वांत व्यवहारी गोष्ट तीच. ती नसती तर कितीतरी आया घरीच राहिल्या असत्या.

शिकवायच्या गोष्टींपैकी काही सरळ माहितीच्या आहेत : आणीबाणीत ०००, घराची अनामत म्हणजे ‘बाँड’, समुद्रात लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पोहायचे. अवघड भाग न बोललेल्या नियमांचा. ‘ब्रिंग अ प्लेट’ असे निमंत्रण आले तर घरून काहीतरी खायचे करून न्यायचे असते. रिकामी ताटली घेऊन पोचलेल्या पाहुण्याचा किस्सा तिथे इतक्या घरांत सांगितला जातो, की तो आता दंतकथेतच जमा करावा. ‘युअर शाउट’ म्हटले की ओरडायचे नसते. सगळ्यांच्या पेयांचे पैसे देण्याची पाळी आपली आहे, एवढे ओळखायचे. ‘नॉट बॅड’ ही तक्रार नसून बऱ्यापैकी स्तुती असते.

सोमवारी सकाळी सहकारी विचारतो, ‘शनिवार-रविवार कसा गेला?’ मेलबर्नमधील एका फ्रेंच कंपनीत भाषाभ्यासक क्रिस्तीन बेआल यांनी या एकाच प्रश्नाचा माग घेतला. फ्रेंच मंडळी तो खरा प्रश्न समजून तपशीलवार, मतांसकट उत्तर देत. ऑस्ट्रेलियनांना अपेक्षित होते दोन शब्द आणि उलट तोच प्रश्न. दोन्ही बाजूंचे व्याकरण बिनचूक होते, तरी दोघेही एकमेकांना विचित्र समजत. मॅक्वारी विद्यापीठातील लिंडा येट्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी विनंती मऊ कशी करावी, नकार कसा द्यावा, हे वर्गात उघडपणे शिकवण्यावर भर दिला तो यामुळेच. मराठीत ‘जरा पाणी देता का?’ यातली अदब ‘जरा’त, क्रियापदात आणि स्वरात असते; शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले की ‘गिव्ह मी वॉटर’ उरते आणि ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो.

कोणाचे रोजचे जीवन शिकवायचे, हा वाद मिटलेला नाही. १ ऑक्टोबर २००७ पासून नागरिकत्वाची चाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्या पुस्तिकेत डॉन ब्रॅडमनही होता. भारतीयाला तो प्रश्न म्हणजे फुकटचा गुण, पण अफगाणिस्तानातून आलेल्या बाईने क्रिकेट का पाठ करावे, अशी टीका झाली. फेरविचारानंतर खेळाचे असले प्रश्न गेले.

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण कौशल्याच्या आधारे, इंग्रजीची परीक्षा देऊनच जातात, त्यामुळे या वर्गांशी त्यांचा संबंध क्वचित येतो. जोडीदाराच्या व्हिसावर गेलेले आणि इंग्रजी कच्चे असलेले काही जण तिथे बसतात. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना प्रवेश नाही. परीक्षेत वरचे गुण मिळवलेल्यांना ‘टी’ला या, असे बोलावणे आले, तर ते चार वाजताचा चहा समजतात. तिथे अनेक घरांत ‘टी’ म्हणजे रात्रीचे जेवण.