रंगमंचावरचा वैशाख, आषाढ आणि कोजागिरी

नाटकाच्या संहितेत कंसात ‘वैशाखातली दुपार’ एवढेच लिहिलेले असते. ते वाचून स्पॉटसमोर (झोताच्या दिव्यासमोर) पिवळे जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावले की दुपार झाली, असे पुष्कळांना वाटते. पिवळा म्हणजे ऊन, निळा म्हणजे रात्र किंवा थंडी, तांबडा म्हणजे संध्याकाळ, हा संकेत प्रेक्षकाला कळतोही. पण संकेत कळणे वेगळे आणि बसल्या जागी उन्हाचा चटका जाणवणे वेगळे. तो चटका आणायचा असेल, तर दिव्याच्या रंगाआधी दिवा किती उंचीवरून आणि किती तिरका येतो, याचा विचार करावा लागतो.

मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, तेथे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो. जुलैमधला तो दिवस बहुधा ढगांत हरवतो, म्हणून लक्षात राहतो तो मे महिन्यातला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो आणि उभ्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते.

आता रंगमंचावरच्या प्रचलित मांडणीकडे पाहू. अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक पद्धत घालून दिली: रंगमंचाचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागावर समोरच्या दोन बाजूंनी, ४५ अंशांच्या उतारावरून, एक उबदार आणि एक थंड छटेचा झोत टाकावा. चेहरा उठावदार दिसावा, यासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि तिचा वारसा आजही जगभर चालतो. मात्र ४५ अंश म्हणजे आपल्याकडची जवळपास डिसेंबरातली दुपार. या मांडणीत कितीही गडद पिवळे जिलेटिन लावले, तरी नटाच्या नाकाची आणि हनुवटीची सावली हिवाळ्यातलीच राहते. वैशाख खोटा वाटतो तो इथे, आणि प्रेक्षकाला त्याचे कारण सांगता येत नसले, तरी त्याच्या डोळ्यांनी ते टिपलेले असते.

खऱ्या वैशाखासाठी मुख्य झोत थेट वरून हवा आणि तो फारसा पिवळा नको, कारण माध्यान्हीचे ऊन पांढरेच असते. हवेतील धुळीचे कण सगळ्या रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात, त्यामुळे आकाशही निळे न राहता फिकट पांढुरके होते. म्हणून मागच्या सायक्लोरामावर, म्हणजे आकाश दाखवणाऱ्या पडद्यावर, गडद निळा टाकणे ही उन्हाळ्यातली हमखास चूक ठरते. वरून येणाऱ्या प्रकाशात नटाचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात, ही अडचण खरी आहे. पण उघड्या माळावर आपल्याला माणसाचा चेहरा दिसतोच, कारण तापलेली फिकट जमीन प्रकाश परत वर फेकते. रंगमंचावर फिकट मातकट रंगाचे जमीनकापड अंथरले आणि जोडीला मंद, बिनरंगाचे फूटलाइट (रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली बसवलेले दिवे) ठेवले, की चेहरा खालून उजळतो आणि डोळ्यांना उन्हाची तिरीप जाणवू लागते.

आषाढात सगळे उलटे होते. सूर्य दिसत नाही, प्रकाश सबंध आकाशातून झिरपतो आणि सावल्या विरघळतात. पूर्ण ढगाळ आकाशाचे तेज सगळीकडे सारखे असते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते क्षितिजालगत जितके असते त्याच्या सुमारे तिप्पट डोक्यावर असते. म्हणजे पावसाळी प्रकाशालाही दिशा आहे. तो वरूनच येतो, फक्त त्याला कडा नसतात. एका स्पॉटने हे साधत नाही. वर मोठे पांढरे कापड ताणून त्यातून प्रकाश गाळावा लागतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिरवा रंग. पानांतील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषते, हिरवा त्या मानाने कमी शोषते. म्हणून पावसाळ्यात झाडीने वेढलेल्या कोकणातल्या घराच्या ओटीवर येणाऱ्या उजेडात हिरवी झाक असते. ती विंगेतून, खालच्या पातळीवरून, अगदी पुसट आणली, तर पाऊस न पाडताही ओल जाणवते.

विजेचे गणित वेगळे आहे. एकदा चमकलेल्या विजेत बहुधा तीन-चार झोत एकामागून एक येतात आणि त्यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाइतके, कमीअधिक अंतर असते. डोळ्याला ते थरथरल्यासारखे दिसते. एकसारख्या ठेक्यात लुकलुकणारा दिवा म्हणूनच वीज वाटत नाही. त्यात गडगडाट विजेच्याच क्षणी वाजवला, तर वीज डोक्यावरच कोसळल्यासारखी होते. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, हे ध्वनिसंयोजकाने लक्षात ठेवले, तर वादळ किती दूर आहे ते प्रेक्षकाला न सांगता कळते. केवळ प्रकाशातून पाणी उभे करता येते, हे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा रंगमंदिरात ‘अंगार’ नाटकातल्या कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याच्या दृश्यात दाखवून दिले होते.

संध्याकाळ त्या मानाने सोपी, निदान हॅलोजन दिव्यांच्या काळात सोपी होती. सूर्य क्षितिजाला टेकतो, तेव्हा त्याचा प्रकाश माध्यान्हीच्या मानाने सुमारे ३८ पट अधिक हवेतून येतो, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि तांबडा उरतो. हॅलोजन दिव्याची तार विजेच्या पूर्ण दाबावर सुमारे ३२०० केल्विन तापमानाचा, म्हणजे किंचित पिवळसर, प्रकाश देते. डिमरने (उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) दाब उतरवला की तार थंड होत जाते आणि प्रकाश आपोआप तांबूस होतो. एलईडी दिवा मंद केला तरी त्याचा रंग तोच राहतो, म्हणून ही तांबूस उतरण आता वेगळी रचून द्यावी लागते. ती न रचल्यामुळे मावळती निर्जीव झालेले प्रयोग मी पाहिले आहेत, आणि त्याची हळहळ वाटते.

मावळतीनंतरच्या कातरवेळेचा वेगही प्रदेशाप्रमाणे बदलतो. जूनमध्ये लंडनला सूर्यास्तानंतर पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ चांगला उजेड राहतो. मुंबईत सूर्य अधिक सरळ खाली उतरत असल्याने तेवढा उजेड वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. त्या अवधीत डोक्यावरचे आकाश जे गहिरे निळे होते, त्याचे एक मोठे कारण वातावरणातील ओझोन आहे. तो तिरप्या प्रकाशातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. म्हणून आपल्या नाटकातली कातरवेळ गहिरी असावी, पण रेंगाळू नये.

राहिले चांदणे. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित ऊन, आणि तो उन्हापेक्षा किंचित पिवळसरच असतो. तरी तो आपल्याला निळा भासतो, याचा धागा चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या एकोणिसाव्या शतकातील निरीक्षणात आहे: उजेड कमी होत गेला की तांबडे रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखांवा भाग असते. इतक्या अंधारात नाटक दिसणार नाही, म्हणून डोळ्याचा हा अनुभव उजेडातच निळ्या जिलेटिनने उभा करावा लागतो. मात्र डोळा एकाच रंगाला मिनिटा-दोन मिनिटांत सरावतो आणि सगळा रंगमंच निळा असेल, तर तो निळा दिसेनासाच होतो. कोठे तरी उबदार ज्योत ठेवली, तरच भोवतीचा निळा टिकतो.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. ज्या ऋतूत दिवसाचा सूर्य उंच, त्या ऋतूत रात्रीचा चंद्र खालून जातो. वैशाखी पौर्णिमेला मुंबईत तो मध्यरात्रीही ५० अंशांच्या आसपास असतो, तर कोजागिरीला ७५ ते ८५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा कोजागिरीच्या गच्चीवर चांदणे विंगेतून तिरपे आणू नये. ते जवळजवळ सरळ, आटवलेल्या दुधाच्या पातेल्यात उतरावे आणि पातेल्याखालच्या शेगडीचा निखारा तेवढा तांबडा असावा.