काउंटरवरच्या मांजरीचा केसपेपर

प्राण्यांच्या बऱ्याच दवाखान्यांत रजिस्टरवर ठाण मांडून बसलेली एखादी मांजर असते, नाहीतर दारात पसरलेला तीन पायांचा कुत्रा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बरं नशीब काढलं. पण ज्या इमारतीत रोज पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांचे पेशंट येतात, तिथे कायमचा मुक्काम म्हणजे तसा धोक्याचाच पत्ता.

मुळात राहतं कोण? नसबंदीसाठी उचललेला कुत्रा 2023च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. जखमी पोपट किंवा कासव आलं, तर प्रथमोपचार करून वनखात्याला कळवायचं. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे ते पाळता येत नाही. उरतात ते गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेले कुत्रे, आंधळी मांजरं, म्हणजे रस्त्यावर सोडले तर जगणार नाहीत असे.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला लोक चाकांची गाडी आधी देतात. खरा प्रश्न लघवीचा असतो. पाठीच्या कण्याला मार बसला की मूत्राशय भरल्याची खबर मेंदूपर्यंत जात नाही. मग ते काठोकाठ भरतं आणि वरचं थेंब थेंब सांडत राहतं. अंथरूण ओलं दिसतं म्हणून ‘हा आपली आपण करतोय’ असा समज होतो, आणि नेमकं तिथेच चुकतं. ताणून ताणून मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो, तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, ते वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात.

म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, सहा ते आठ तासांच्या अंतराने, लघवी हाताने काढावी लागते. कुत्र्याला आधार देऊन उभं करायचं किंवा कुशीवर निजवायचं. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या जरा पुढे, सपाट ठेवायचे. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागतं. दोन्हीकडून हळूहळू, सारखा दाब वाढवत मागच्या दिशेने न्यायचा आणि धार सुरू झाली की तो तसाच धरून ठेवायचा. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, झटकेही द्यायचे नाहीत. मार कण्याच्या कोणत्या भागात आहे यावर सगळं अवलंबून असतं. कमरेच्या वरच्या बाजूला असेल तर मूत्राशय ताठ राहतं आणि लघवीची वाट बंद ठेवणारा स्नायू घट्ट आवळलेला असतो. तिथे जोर केला तर मूत्राशय फुटूही शकतं. अशा वेळी आधी स्नायू सैल करणारं औषध सुरू करतात. मार खालच्या बाजूला असेल तर पिशवी मऊ असते, काढणं सोपं, पण गळती कायमची. उग्र वास, गढूळपणा, रक्ताची छटा यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी लघवी तपासायची.

मागचा भाग रोज धुऊन कोरडा करायचा, केस बारीक कापायचे, दर चार-सहा तासांनी कूस बदलायची. पावसाळ्यात यात एका दिवसाची हयगय झाली तरी ओल्या कातडीवर माशी बसते आणि जखमेत किडे पडतात. चाकांची गाडी यानंतर. सुरुवातीला वीस मिनिटं, आणि ती काढल्यावर पट्टे घासतात तिथली कातडी बघायची.

मांजरीचं दुखणं निराळं. दवाखान्याची फरशी फिनाईलने पुसायची आपली जुनी सवय. यकृत फिनाईलसारख्या पदार्थांना एक आम्ल जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकण्याजोगे करतं. मांजरीत या कामाचं एक महत्त्वाचं जनुक निकामी झालेलं आहे. फरशीवरचं फिनाईल पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं, आणि तिथून हलता हलत नाही. माणसाला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते, त्याचंही कारण हेच. गंमत अशी की फिनाईल पार्वोच्या विषाणूवर भरवशाचं नाहीच. तो, आणि मांजरीतला त्याचा भाऊबंद, फरशीच्या फटींत महिनोन्महिने टिकतो. आधी साबणाने घाण काढायची, मग पाच टक्क्यांचं ब्लीच एकास तीस या प्रमाणात पाण्यात घालून दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. घाण न काढता ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. पुसणं आणि वाळणं होईपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. संसर्गजन्य वॉर्डात तर तिने पाऊलच टाकायचं नाही.

असे मुक्कामी प्राणी काही ठिकाणी रक्तदातेही असतात. भारतात प्राण्यांच्या रक्तपेढ्या मोजक्याच, त्यामुळे गोचीड तापाने रक्त उतरलेला कुत्रा रात्री आला की दाता हाताशी असणं मोलाचं ठरतं. पण नुसता धडधाकट दिसणारा कुत्रा दाता होत नाही. गोचीड ताप आणणारा एर्लिकिया हा जंतू बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही दडून असतो, म्हणून पीसीआर, म्हणजे रक्तातला जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी लागते. बबेसिया या गोचिडांतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूचीही करायची. दुसरी अडचण वजनाची. माणसांसाठीची 350 मिलीची रक्तपिशवी वापरली जाते, तिच्यात रक्त न गोठू देणारं 49 मिली द्रावण असतं. 18 किलोच्या गावठी कुत्र्याकडून किलोमागे 15 मिली धरून 270 मिलीच घ्यायचं, तर आधी सुमारे 11 मिली द्रावण काढून टाकावं लागतं. नाहीतर द्रावणातलं जादा सायट्रेट रक्त घेणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि पिशवी अशी उघडली की ते रक्त 24 तासांत वापरायचं.

कुत्र्यांना दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्ध जोरदार प्रतिपिंडं सहसा जन्मजात नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी बहुधा निभावतं. मांजरीत असं चालत नाही. ‘बी’ गटाच्या मांजरीला ‘ए’ गटाचं थोडंसं रक्त दिलं तरी ती दगावू शकते. गट तपासल्याशिवाय मांजरीला रक्त देणं म्हणजे जुगार. पाच किलोच्या निरोगी मांजरीकडून एका वेळी 50 मिलीच्या आसपास, तेही गुंगी देऊन, आणि पुढची पाळी दोन-तीन महिन्यांनी. बाहेर फिरून मारामाऱ्या करणारी मांजर या कामाची नाही. चाव्यातून येणारे विषाणू ती घेऊन येते.

वेटिंगमध्येही दवाखान्याच्या मांजरीला मोकळी सोडू नये. पेशंट मांजर तिला पाहून घाबरते, आणि घाबरलेल्या मांजरीची साखर इतकी चढते की मधुमेहाचा संशय यावा.

गंमत म्हणजे दवाखान्यात राहून उपचाराविना राहणारे प्राणी हेच. लसीची आठवण करून देणारा मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो, यांना मालकच नाही. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध, गोचिडांवरचं औषध, सगळं ‘उद्या करू’वर राहतं. यांचाही केसपेपर काढायचा आणि महिन्याला वजन मांडायचं. चार किलोच्या मांजरीतून चारशे ग्रॅम गेले तर दहा टक्के वजन गेलं, आणि रोज समोर बसलेल्या मांजरीत ते डोळ्यांना दिसत नाही.