जंबोचं मॉडेल बनवून घेण्याआधी एवढं वाचा

‘एअर इंडियाचं सम्राट अशोक हवंय’ असा मेसेज येतो (अशोक हे एअर इंडियाच्या पहिल्या जंबोचं, म्हणजे बोइंग ७४७ चं नाव), सोबत इंटरनेटवरून उचललेला फोटो. त्यातल्या विमानाच्या पंखांची टोकं वर वळलेली दिसली की आम्हाला कळतं, हे अशोक नव्हे. हे ७४७-४००. एअर इंडियाकडे ते १९९३ पासून आलं आणि त्यांची नावं कोणार्क, खजुराहो अशी. अशोक १९७१ साली मुंबईत आलं. ते ७४७-२००.

‘मग टोकं कापून द्या ना!’ कापून भागत नाही हो. ४०० चा वरचा मजला सुमारे ७ मीटरने लांब आहे, म्हणजे १:२०० मापात साडेतीन सेंटिमीटर. पंखही लांब, इंजिनांची आवरणं वेगळी. साचाच दुसरा लागतो. रंग चढल्यावर चूक लक्षात आली तर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ज्यासाठी मॉडेल हवं होतं तो निवृत्तीचा समारंभ उरकलेला असतो.

जुन्या जंबोचं कुबड, म्हणजे वरच्या मजल्याचा फुगवटा, आखूड का, हेही बरेच जण विचारतात. १९६६ साली पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीने २५ विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की पुढे प्रवासी सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान विमानांनीच जाणार आणि ही धुडं मालवाहतुकीला लागणार. नाक उघडून समोरून माल भरता यावा म्हणून बोइंगच्या जो सटर यांच्या टीमने कॉकपिट वरच नेलं. त्याच्यामागे हवेसाठी निमुळता उतार द्यावा लागला आणि त्या पोकळीत प्रवाशांसाठी लाउंज बसलं. मुळात ती प्रवाशांसाठी काढलेली जागाच नव्हती. फेब्रुवारी १९६९ मध्ये पहिलं उड्डाण झालं. सुपरसॉनिक प्रवासी विमानं मात्र पुढे फारशी चाललीच नाहीत.

ऑर्डर घेताना आम्ही साल विचारतो, त्यावर काही जण वैतागतात. पण ‘बाबा १९८० साली लागले, अशोकवर काम करायचे’ असं सांगितलं तर आम्हाला थांबावंच लागतं. अशोक १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. बाबांचं विमान शहाजहान असेल, राजेंद्र चोळ असेल. जुना फोटो असल्यास शेपटीजवळची नोंदणीची अक्षरं वाचून कळवा. अशोकची व्हीटी-ईबीडी होती. निवृत्त इंजिनिअरची नजर आधी तिथेच जाते, मग रंगावर.

तयार मॉडेल स्वस्त मिळतं, मान्य. आमच्याकडे खिडक्यांभोवतीचे लाल झरोके एकेक करून चिकटवले जातात, वेळ त्यातच जातो. सागवानी स्टँड आणि नावाची पितळी पट्टी मात्र किमतीतच.

१:२०० मापात अशोक ३५ सेंटिमीटर लांब आणि पंखांसह ३० रुंद होतं. १:१४४ मध्ये लांबी ४९ होते. शोकेसचं दार लागतंय का ते आधी मोजा, मग ॲडव्हान्स पाठवा.